सांडा कोठे राहतो, काय खातो आणि महाराष्ट्रात का सापडत नाही

विचारलेला प्रश्न तीन भागांचा आहे. थरच्या वाळवंटातील सांडा, म्हणजे काटेरी शेपटीचा मोठा सरडा, नेमका कोणत्या प्रदेशात आणि कशा जमिनीवर राहतो. तो खरोखरच शाकाहारी आहे काय. आणि महाराष्ट्रातील कोरड्या माळरानांवर अधूनमधून ‘मोठा काटेरी शेपटीचा सरडा’ पाहिल्याचे जे सांगितले जाते, तो सांडा असू शकतो काय. पश्चिम राजस्थान आणि कच्छमध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पाहणीचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, आणि या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शेवटी जमिनीपाशीच येतात असे माझे मत बनलेले आहे. उष्णता आणि कोरडेपणा सांड्याला सोसतो, पण त्याला हवे तसे बीळ जेथे खणता येत नाही, तेथे हवामान कितीही अनुकूल असले तरी तो टिकत नाही.

आधी ओळख थोडक्यात सांगतो. सांडा हा ॲगॅमिडी कुळातील, म्हणजे कुंपणावर दिसणाऱ्या नेहमीच्या सरड्याच्याच कुळातील प्राणी आहे. जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८२७ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि थॉमस हार्डविक यांच्यावरून त्याचे नाव ठेवले. दीर्घकाळ तो युरोमॅस्टिक्स या प्रजातीत गणला जात असे. २००९ मधील फेरमांडणीनंतर त्याला सारा हार्डविकी म्हणतात. पूर्ण वाढलेला नर नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ४० सेंटिमीटरच्या पुढे जातो, मादी काहीशी लहान असते. डोके आखूड व गोलसर, अंगावरची कातडी सैल आणि सुरकुत्यांची, रंग मातकट पिवळा, मांडीच्या पुढच्या बाजूस एक काळसर डाग, आणि शेपटीवर कड्यांसारख्या ओळींनी बसलेले टोकदार खवले, एवढ्या खुणा पाहिल्या की घोटाळा होण्याचे कारण उरत नाही. सकाळी बिळातून नुकताच बाहेर आलेला सांडा बराच गडद दिसतो आणि अंग तापल्यावर फिकट पडतो, त्यामुळे केवळ रंगावरून केलेल्या नोंदींवर मी फारसा विसंबत नाही.

आता अधिवासाकडे येऊ. वाळवंटातील प्राणी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या उभ्या राहतात, आणि सांड्याच्या शोधात नवखे अभ्यासकही आधी तिकडेच जातात. तेथे सांडा जवळपास नसतोच. सुट्या, सरकत्या वाळूत बिळाचे छत उभे राहत नाही. त्याला घट्ट बसलेली, पण नखांनी उकरता येईल अशी जमीन लागते: टेकड्यांच्या मधले सपाट पट्टे, खडीमिश्रित मैदाने, चुनखडीचे खडे मिसळलेली कडक माती, गावाबाहेरची गोचर (गायरान) आणि ओरणातील, म्हणजे देवराईतील, मोकळी जागा. अगदी सपाट भागातही आजूबाजूपेक्षा थोडासा उंचवटा असेल तर बिळे त्यावर असण्याची शक्यता जास्त असते, कारण वाळवंटात पाऊस थोडा पडत असला तरी जेव्हा पडतो तेव्हा तासाभरात सखल जागा भरून टाकतो आणि पाणी शिरलेले बीळ निकामी होते. कच्छच्या रणाचा मधला भाग दरवर्षी पावसाळ्यात पाण्याखाली जातो, तेथे सांडा नाही. पण रणाभोवतीच्या आणि अबडासा तालुक्यातील माळांवर आहे.

झाडोऱ्याच्या बाबतीतही त्याची निवड बारीक आहे. अगदी उघडीबोडकी जमीन त्याला चालत नाही, कारण खाणे बिळापासून फार दूर गेलेले त्याला परवडत नाही. दाट झुडपेही चालत नाहीत, कारण बिळाच्या तोंडाशी बसून चहूकडे पाहता आले पाहिजे आणि अंगावर ऊन आले पाहिजे. आखूड गवत, मध्ये मध्ये नेपती (राजस्थानात केर), बोर किंवा शमीचे एखादे झुडूप आणि त्यांच्यामधील मोकळी जमीन, अशी मांडणी त्याला मानवते. बन्नीच्या गवताळ प्रदेशात आणि कच्छमध्ये इतरत्र वेडी बाभूळ जेथे दाट माजली आहे, तेथे जमिनीत आणि हवेत काहीही बदल झालेला नसताना सांड्याच्या दृष्टीने ती जागा बाद होते.

बीळ ही त्याची सर्वांत मोठी गुंतवणूक आहे आणि ते बारकाईने पाहण्यासारखे असते. तोंड जमिनीच्या पातळीलाच, सहा ते आठ सेंटिमीटर रुंद. खालची कड सरळ आणि वरची कड कमानीसारखी, त्यामुळे आकार साधारण अर्धचंद्राचा दिसतो. उंदरांच्या आणि जर्बिल नावाच्या वाळवंटी उंदरांच्या बिळांचे तोंड गोलसर असते, घोरपडीचे ओबडधोबड आणि मोठे असते. या फरकाची सवय झाली की दुरूनही बीळ ओळखता येते. आत बोगदा तिरका उतरत जातो, वळणे घेतो, आणि दोन मीटरपेक्षाही लांब जाऊन एका रुंद पोकळीत संपतो, जेथे त्याला वळता येते. एका बिळात एकच प्रौढ प्राणी राहतो. शेजारी काही पावलांवर दुसऱ्याचे बीळ असू शकते, आणि एखाद्या माळावर अशी पुष्कळ बिळे असली तर ती सांड्यांची वसाहत म्हणवते. पण या वसाहतीत सहजीवन असे काही नसते, चांगली जमीन तेवढी सामाईक असते.

रात्री आणि दुपारच्या कडक उन्हात तो आतून माती लोटून तोंड बंद करतो. या एका सवयीने बरेच साधते. बाहेर उन्हाळ्यात जमिनीचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो आणि हिवाळ्यातील पहाटे तापमान गोठणबिंदूजवळ उतरते, तरी आतील हवा पुष्कळच स्थिर राहते. शिवाय बंद बिळातील दमट हवेमुळे श्वासावाटे जाणारे पाणी वाचते. साप किंवा घोरपड तोंडाशी आलीच, तर सांडा पाठ फिरवून अंग फुगवतो, बोगद्यात घट्ट अडकून बसतो आणि शेपटीचे फटके मारतो. बाहेर मात्र त्याचा एकमेव उपाय म्हणजे बिळाकडे धाव घेणे, आणि म्हणूनच तो बिळापासून फार लांब चरत नाही.

त्याचे वर्ष आपल्या ऋतूंच्या हिशेबाने फार लहान असते. साधारण नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तो बिळाचे तोंड बुजवून आत निष्क्रिय पडून राहतो आणि शरीरात, विशेषतः शेपटीत, साठवलेल्या चरबीवर हे महिने काढतो. फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये बाहेर आल्यावर पहिले काही आठवडे तो भर दुपारी ऊन घेत बसलेला दिसतो. एप्रिलनंतर दुपार असह्य झाली की सकाळ आणि उतरते ऊन अशा दोन पाळ्या सुरू होतात. वसंतात मीलन होते, उन्हाळ्यात मादी बिळातच अंडी घालते, आणि पिल्ले पावसाच्या सुमारास बाहेर पडून सुरुवातीचा काही काळ आईच्याच बिळाचा आसरा घेतात. पिल्लांचे बाहेर पडणे आणि कीटकांची चंगळ एकाच वेळी व्हावी हा योगायोग म्हणता येत नाही, आणि येथून आहाराचा प्रश्न सुरू होतो.

सांडा शाकाहारी आहे हे विधान बरोबर आहे, पण त्याला वय आणि ऋतू या दोन अटी जोडल्या पाहिजेत. प्रौढ सांड्याच्या आहाराचा मोठा भाग वनस्पतींचा असतो: कोवळी पाने, गवताचे कोंब, फुले, बिया, झुडपांखाली पडलेली फळे आणि शेंगा. पिल्ले मात्र मुख्यतः कीटकांवर वाढतात आणि जसजसा आकार वाढतो तसतसा वनस्पतींचा वाटा वाढत जातो. याचे कारण शरीराच्या गणितात आहे. लहान शरीराला वजनाच्या मानाने जास्त ऊर्जा आणि वाढीसाठी जास्त प्रथिने लागतात, ती पानांतून पुरेशा वेगाने मिळत नाहीत. मोठ्या शरीरात लांब आतडे मावते आणि तंतुमय अन्न जिवाणूंकडून हळूहळू आंबवून घ्यायला वेळ मिळतो. हे आंबवण्याचे काम उष्णतेवर अवलंबून असते. सांडा चरण्यापूर्वी आणि चरून झाल्यावरही उन्हात बसतो, आणि सक्रिय असताना शरीराचे तापमान साधारण ३७ ते ४० अंशांच्या घरात ठेवतो, त्यात चैनीचा भाग नाही. अंग पुरेसे तापले नाही तर पोटातील पाला पचत नाही. ढगाळ, थंड दिवसांत तो बिळाबाहेर पडण्याचे टाळतो, त्यामागेही हेच कारण असावे असे मला वाटते.

प्रौढांच्या आहारातही कीटक येतात, आणि ते सर्वाधिक येतात पावसाळ्यात. पहिल्या पावसानंतर भुंगेरे, नाकतोडे, मुंग्या, वाळवी असे सर्व काही एकदम जमिनीवर येते आणि या काळात सांडा समोर आलेला किडा सोडत नाही. उलट वसंतात, बाहेर आल्याबरोबर, फुलांकडे त्याचा ओढा अधिक असतो. फुलांत पाणी भरपूर आणि तंतू कमी, त्यामुळे चार महिन्यांच्या उपासानंतर ते सोयीचे अन्न ठरते. उन्हाळा वाढत जातो तसे निबर पाने आणि वाळकी शेंग यांवर भागवावे लागते. म्हणूनच ‘सांडा अमुक वनस्पती खातो’ अशी यादी एखाद्या महिन्यातील पाहणीवरून कोणी दिली, तर ती त्या महिन्याची आणि त्या माळाची यादी आहे एवढेच समजावे. तो पसंती दाखवतो हे खरे, पण मुळात बिळाच्या टप्प्यात जे उगवते त्यातूनच त्याला निवडावे लागते.

त्याचे दातही या आहाराशी जुळलेले आहेत. जबड्याच्या पुढच्या भागात वयाबरोबर चोचीसारखी कड तयार होते, तिने पान तुटते. बाजूच्या दातांनी ते कापले जाते. पाणी पिताना सांडा क्वचितच आढळतो, त्याची गरज बहुतांशी अन्नातूनच भागते. वाळवंटातील वनस्पतींमध्ये क्षार, विशेषतः पोटॅशियम, पुष्कळ असते आणि ते लघवीवाटे टाकायचे तर पाणी खर्च होते. सांडा आणि त्याच्या भाईबंदांमध्ये नाकातील ग्रंथी हे क्षार वेगळे काढतात. प्राणी जवळून पाहता आला तर नाकपुड्यांभोवती पांढरट पापुद्रा दिसतो, तो आजार नसून वाळलेला क्षार असतो. विष्ठाही पाहण्यासारखी असते: कोरडी, लांबट, फोडली तर आत बारीक कातरलेले गवताचे तंतू आणि बियांची टरफले, टोकाला युरिक आम्लाचा पांढरा खडा. पावसाळ्यातील विष्ठेत भुंगेऱ्यांच्या पंखांचे चकचकीत तुकडे मिळतात. आहाराचा अभ्यास करायचा असेल तर प्राण्याला पकडून त्रास देण्यापेक्षा बिळाच्या तोंडाजवळील विष्ठा महिन्यामहिन्याने गोळा करणे, अर्थात वन विभागाची रीतसर परवानगी घेऊन, हाच मार्ग मी सुचवीन.

आता प्रसार. भारतात सांडा मुख्यतः पश्चिम राजस्थान आणि गुजरातमधील कच्छ येथे आहे; सीमेपलीकडे पाकिस्तानच्या सिंध, पंजाब आणि बलुचिस्तान भागांत आणि पुढे अफगाणिस्तानच्या काही भागांतही त्याच्या नोंदी आहेत. राजस्थानात जैसलमेर, बाडमेर, जोधपूर, बिकानेर आणि चुरू हे त्याचे जिल्हे म्हणता येतील. जैसलमेर आणि बाडमेरमध्ये पसरलेले मरू राष्ट्रीय उद्यान, चुरूमधील ताल छापर अभयारण्य आणि बिकानेरजवळचे जोडबीड येथे तो सहज पाहता येतो. पूर्वेकडे अरवलीच्या रांगांपाशी त्याचा सलग प्रदेश जवळपास संपतो. सारा या प्रजातीच्या उरलेल्या दोन जाती इराण, इराक आणि आजूबाजूच्या प्रदेशात आहेत, आणि अरबस्तान व उत्तर आफ्रिकेत युरोमॅस्टिक्सच्या अनेक जाती आहेत. तेव्हा आपला सांडा हा एका मोठ्या पश्चिमेकडील शुष्क पट्ट्यातील शाखेचा पूर्वेकडचा शेवटचा प्रतिनिधी आहे.

नकाशावर हा सर्व प्रदेश एका रंगात रंगवलेला असतो आणि गैरसमजाचे मूळ तेथेच आहे. प्रत्यक्षात सांडा सलग पसरलेला नाही. योग्य जमिनीच्या तुकड्यांवर तो दाट असतो आणि दोन तुकड्यांच्या मध्ये मैलोन् मैल एकही बीळ दिसत नाही. बिळाला बांधलेला हा प्राणी फार लांबचा प्रवास करीत नाही, त्यामुळे एखाद्या माळावरून तो नाहीसा झाला तर शेजारच्या माळावरून तेथे पुन्हा येऊन वसणे अवघड असते, आणि मध्ये सिंचनाची शेती आली असेल तर जवळजवळ अशक्य. इंदिरा गांधी कालव्याने पश्चिम राजस्थानातील लोकांना पाणी दिले याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही, पण नांगरलेल्या आणि भिजवलेल्या जमिनीत सांड्याचे बीळ राहू शकत नाही हेही तितकेच खरे आहे. कडक सपाट जमीन ही शेतीला, रस्त्याला, सौर प्रकल्पाला सर्वांत सोयीची असते. तीच जमीन सांड्याचीही आहे. अशा जमिनीची ‘पडीक’ म्हणून नोंद करण्याची आपली सरकारी पद्धत या प्राण्याला फार महागात पडलेली आहे.

महाराष्ट्राबद्दलचा प्रश्न येथे सुटतो. सांडा महाराष्ट्रात नैसर्गिकरीत्या आढळत नाही. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, सांगलीचा पूर्व भाग हे पर्जन्यछायेचे प्रदेश कोरडे आहेत खरे, पण जैसलमेरला वर्षाला सरासरी २०० मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो आणि आपल्या दुष्काळी तालुक्यांतही त्याच्या दुपटीहून अधिक पडतो. त्याहून महत्त्वाची जमीन. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यात दोन मीटरचा बोगदा वर्षानुवर्षे टिकणे कठीण. माळावरच्या मुरमात बहुधा हातभर खाली कातळ लागतो. थरपासून येथपर्यंत मध्ये डोंगर, नद्या आणि जंगले आहेत, ती ओलांडून यावे एवढी या प्राण्याची चाल नाही. आपल्याकडे ‘काटेरी शेपटीचा सरडा’ म्हणून जे सांगितले जाते ते माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा घोरपडीचे पिल्लू किंवा वयस्क सरडा निघालेले आहे. घोरपडीची जीभ लांब आणि दुभंगलेली असते, मान लांब असते आणि शेपटी चपटी, चाबकासारखी निमुळती असते; सांड्याची जीभ आखूड व मांसल, मान जवळपास नाही आणि शेपटी जाड, काटेरी कड्यांची. खराखुरा सांडा महाराष्ट्रात दिसलाच, तर तो कोणीतरी आणलेला आहे असे धरून ताबडतोब वन विभागाला कळवावे.

आणलेला म्हणजे कशासाठी, हेही सांगितले पाहिजे. सांड्याच्या शेपटीतील चरबी वितळवून काढलेले तेल सांधेदुखीवर आणि पौरुषवर्धक म्हणून विकले जाते. ते तेल म्हणजे साधी प्राणिज चरबी आहे, त्या दाव्यांना वैद्यकीय आधार नाही. पकडणारे लोक बिळ उकरून किंवा तोंडाशी फास लावून प्राणी काढतात आणि तो पळू नये म्हणून त्याचा कणा मोडतात, त्यामुळे विक्रेत्यापुढे पडलेले सांडे जिवंत असूनही हलत नाहीत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली हा प्राणी संरक्षित आहे, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश आहे आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो धोक्यात आलेल्या जातींपैकी ‘असुरक्षित’ गटात मोडतो. पकडणे, जवळ बाळगणे आणि तेल विकणे हे सर्व गुन्हे आहेत. निसर्गातही त्याला खाणारे पुष्कळ आहेत, लग्गर ससाणा, गरुड, वाळवंटी खोकड, वाळवंटी मांजर, घोरपड, आणि माळढोकही. पण हे सर्व मिळून जेवढे घेतात तेवढे सोसण्याइतकी वसाहत भरलेली असते. माणूस एका दिवसात पूर्ण माळ रिकामा करू शकतो, हा फरक आहे.

सांडा एखाद्या जागी आहे किंवा नाही, आणि किती आहे, हे ठरवताना होणाऱ्या एका चुकीबद्दल शेवटी लिहितो, कारण प्रसाराच्या पुष्कळ नोंदी तिच्यामुळे बिघडतात. बिळे मोजून प्राण्यांची संख्या सांगण्याची पद्धत सोपी आहे, पण कडक जमिनीतील बीळ मालक गेल्यावरही बराच काळ तसेच राहते आणि पुढे त्यात जर्बिल, साप किंवा विंचू राहायला येतात. वापरातील बिळाच्या तोंडाशी ताजी मोकळी माती, पावलांच्या दोन ओळी आणि त्यांच्यामध्ये शेपटी घासत गेल्याची रेघ, आणि अद्याप न फुटलेली विष्ठा यांपैकी निदान दोन खुणा सापडल्या पाहिजेत. तोंडावर कोळ्याचे जाळे किंवा वाऱ्याने आणलेला काडीकचरा असेल तर ते बीळ मोजू नये. मोजणीसाठी मार्च आणि एप्रिल हे महिने सर्वांत चांगले, त्यातही सकाळी ऊन चढू लागल्यावरची वेळ, कारण तेव्हा बहुतेक प्रौढ तोंडाशी बसलेले असतात आणि गवत आखूड असते. हिवाळ्यात बुजवलेली बिळे नजरेतून सुटतात, आणि पावसाळ्यात पिल्लांमुळे व वाढलेल्या गवतामुळे आकडा कोणत्याही बाजूला चुकू शकतो. एकाच माळावर सलग तीन वर्षे याच महिन्यांत, त्याच वाटेने चालून मोजणी केली, तर मिळणारा आकडा तुलनेला उपयोगी पडतो.